वंशावळीत न बसलेली माणसं

ताई,

माझं माहेर विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. घर गलाईवाल्यांचं, म्हणजे परगावी जाऊन सोनंचांदी गाळणाऱ्यांचं. लग्न होऊन पुण्यात आले. गेल्या वर्षी मार्गशीर्षात वडील गेले. वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा दादानं कुणबी दाखल्यासाठी काढलेली वंशावळ दाखवली. खापरपणजोबांपासून माझ्या भाच्यापर्यंत सहा पिढ्या, आणि त्यात एकही बाई नाही. आजी नाही, आत्या नाहीत, आई नाही.

मी दोनशे पानी वही आणली आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं एक पान करायचं ठरवलं. मग अडचणी सुरू झाल्या. आजीची अकरा बाळंतपणं, जगले पाच. बाकीच्या सहांबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही. मधले काका कोइम्बतूरला दुकानावर असतानाच गेले, कोणत्या साली ते नक्की कुणाला आठवत नाही. आमच्याकडे आयुष्यभर राबलेल्या सालगड्याला आम्ही नाना म्हणायचो, त्याचं आडनाव कुणाला माहीत नाही. आणि थोरली काकू. ती १९८६ मध्ये मळ्यातल्या विहिरीत गेली. घरात एकच वाक्य आहे, पाय घसरला. माझी आई जायच्या आधी मला म्हणाली, "तुझ्या काकूचा पाय घसरला नव्हता." पुढे काही बोलली नाही. काकूची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, आज चाळिशीची आहे. थोरले काका, आमचे अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. वहीचं कळल्यावर ते म्हणाले, "गेलेल्यांना उकरू नये. आणि तू आता दुसऱ्या घरची."

मला अधिकार आहे का? काकूच्या पानावर काय लिहू? तारखाच माहीत नसतील तर सुरुवात कुठून करायची? आणि हे सगळं छापून यात्रेला वाटावं का?

— एक माहेरवाशीण

माहेरवाशिणीस,

अधिकाराचा प्रश्न आधी उरकून टाकू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. जमिनीत वाटा असणाऱ्या बाईला स्वतःच्या आजीबद्दल चार ओळी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. पण हे अण्णांना ऐकवू नका. का, ते सांगते.

तुम्ही वही घेऊन फिरणार, म्हणजे कधी ना कधी जुने फेरफार, जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, मागणार. माहेरवाशीण तलाठ्याकडे गेली ही बातमी ती घरी पोचायच्या आधी घरी पोचते, आणि तिचा अर्थ गावात एकच लागतो : पोरगी वाटणी मागायला आली. वडील जाऊन जेमतेम वर्ष झालंय, वारसनोंदीचं काम अजून चालू असेल किंवा नुकतंच झालं असेल. अण्णांच्या "दुसऱ्या घरची"मागे हीच धास्ती नसेल असं मी सांगू शकत नाही. म्हणून कोणताही अर्ज करण्याआधी दादाला फोन करा आणि सरळ सांगा की मला पणजोबांच्या मृत्यूची नोंद बघायची आहे, सातबाऱ्याचा विषय नाही. जमलं तर अर्ज त्याच्याच नावानं होऊ द्या. तुम्हाला पुढेमागे वाटा मागायचा असेल तर तो खुशाल मागा, तुमचा हक्कच आहे. पण त्यासाठी वेगळा दिवस निवडा. दोन्ही गोष्टी एका पिशवीतून नेल्यात तर वहीत कुणी एक शब्द घालणार नाही.

दादाच्या वंशावळीवर रागावू नका. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि गावोगाव लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा पणजोबाच्या बापाचं नाव शोधलं. तो कागद दाखल्यासाठी आहे. दाखला वडिलांच्या बाजूनं मिळतो, त्यामुळे त्या कागदात बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू एवढंच येतं. तिथे आजीला जागा नाही. पण त्या कागदानं एक काम केलंय, पुरुषांची माळ तुम्हाला आयती मिळाली आहे. तेवढे कष्ट वाचले. आता ज्यांच्यामागे कागद नाही त्यांच्याकडे वळा.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. आपल्याकडे कागद जमिनीच्या मागे चालतो. ज्याच्या नावावर गट किंवा सर्व्हे नंबर होता तो मेला तर त्याचं मरण फेरफाराला लागतं, कारण शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला ठरवायचं असतं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याच्या मरणानं कुठल्या रकान्यात काही बदलत नाही. तुमच्या यादीतली हरवलेली माणसं पुन्हा वाचा : सहा लेकरं, परगावी गेलेला मधला भाऊ, सालगडी, सून. यातल्या एकाच्याही नावावर बिघाभर रान नव्हतं. घरच्यांना माया नव्हती म्हणून ती विसरली गेली असं समजू नका.

म्हणून सुरुवात तलाठी कार्यालयातून करू नका, आत्यांपासून करा. पत्रात "आत्या नाहीत" लिहिलंय ते वंशावळीत नाहीत या अर्थानं असं मी धरते. थोरली आत्या हयात असेल तर याच महिन्यात जा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, तिला विचारून लावा, आणि समोर वही धरून बसू नका. मुलाखतीसारखे प्रश्न विचारलेत तर म्हातारी माणसं "आता काय आठवतंय बाई" म्हणून मोकळी होतात. तिच्यासोबत शेंगा फोडायला बसा, लसूण सोलायला बसा, हात गुंतले की तोंड सुटतं. जुना फोटो असला तर तो नुसता समोर ठेवा.

आणि "कधी" विचारू नका. त्या पिढीला सन सांगता येत नाही, पण कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर हे बिनचूक सांगता येतं. तुमच्या भागाचं स्वतःचं कॅलेंडर आहे. पत्री सरकारचे दिवस, म्हणजे १९४३ ते ४६. गांधींना मारलं त्यानंतरची जाळपोळ, १९४८ ची सुरुवात. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, त्या पिढीतला जागा झाला नाही असा माणूस तुमच्याकडे विरळा. बहात्तरचा दुष्काळ, लाल मिलो आणि सुकडी. त्यांच्या सासवांच्या तोंडचा काळ काढायचा असेल तर प्लेगात गाव रानात झोपड्या घालून राहिलं ते, आणि १९१८ ची मानमोडी, तापाची साथ. "धाकटा गेला तेव्हा कोयनेचा हादरा होऊन गेला होता का?" असं विचारा. त्यावर "न्हाई गं, हादऱ्याला त्यो माझ्या कडेवर हुता" असं उत्तर आलं की तुमचं काम झालं.

वडिलांच्या जन्मतारखेलाही हीच रीत लावा. शाळेच्या रजिस्टरात १ जून असेल, पैजेवर सांगते. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला गुरुजींनी शाळा उघडायच्या सुमाराला जन्माला घातलंय. रजिस्टरातलं सालही अंदाजानंच टाकलेलं असायचं. वडील जाळपोळीच्या वेळी पोटात होते की रांगत होते, हे आत्याला ठाऊक असेल.

आता एक जागा अशी की जिथे तारखा आधीच जपून ठेवल्या आहेत आणि तुम्ही दर वर्षी तिथे पुरणपोळी खाऊन उठता. म्हाळ. पितृपंधरवड्यात तुमच्या घरी म्हाळ कोणत्या तिथीला घालतात आणि त्या दिवशी कुणाकुणाची नावं घेतात, हे जो पान वाढतो त्याला विचारा. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान, हा मूळ नियम. म्हणजे आजोबांचा म्हाळ षष्ठीला असेल तर ते कुठल्या तरी महिन्याच्या षष्ठीला गेले. साल कळलं तर जुन्या पंचांगावरून तारीख निघते. एखाद्या आजीचं पान अविधवा नवमीला वाढत असतील तर ती नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली. चतुर्दशीला कुणाचं पान असेल तर तिथे थांबून नीट विचारा. ती तिथी शस्त्रानं किंवा अपघातात गेलेल्यांची मानतात. अर्थात बऱ्याच घरांनी सोयीसाठी सगळे एकत्र सर्वपित्रीला ढकललेत, तुमच्याकडेही तसं असेल. पण मग आधी कसं होतं, हे सांगणारी कुणी तरी असतेच.

कागदांकडे आता या. दादाच्या हाती आजचा सातबारा असेल, त्यावर फेरफारांचे नंबर असतात. त्यातला वारसाचा फेरफार काढला की "अमुक मयत, वारस मुलगे तीन" अशा ओळी मिळतात आणि मागच्या फेरफाराचा धागा लागतो. असं मागे मागे जायचं. दोन गोष्टी सांभाळा. फेरफाराची तारीख ही मरणाची तारीख नव्हे, लोक दहा-दहा वर्षं वारस लावत नसत. आणि वारसांत मुलींची नावं नसली म्हणजे मुली नव्हत्या असं नाही. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं नाव लागायचं आणि बाकीचे सगळे "ए.कु.मॅ." या तीन अक्षरांत गडप व्हायचे. काही तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन सरकारच्या संकेतस्थळावर आले आहेत. तुमचे नसतील तर विट्याला तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज.

त्याच रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक मागा, गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंदवही. तुमच्या कामाची खरी वस्तू हीच, कारण इथे जमीन नसलेलंही माणूस मरतं. जुनी पानं मोडीत असतील. मोडी वाचणारे आता पूर्वीपेक्षा सहज मिळतात, कुणबी नोंदींमुळे त्यांना चांगले दिवस आलेत. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि मरणाचं कारण : ताप, पटकी, देवी, हगवण. बाईच्या नावापुढे "कोम" किंवा "भ्रतार" आणि मग नवऱ्याचं नाव, पुरुषाच्या नावापुढे "बिन" आणि बापाचं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, अमक्याला मुलगा किंवा मुलगी एवढंच. आजीची न जगलेली लेकरं तुम्हाला तिथे सापडण्याची शक्यता आहे. जन्माच्या रकान्यात एकदा, आणि काही महिन्यांनी मृत्यूच्या रकान्यात पुन्हा.

कागदांवर जिल्हा सातारा दिसला तर चुकीची पानं काढली म्हणून परत करू नका. खानापूर तालुका १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता, मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. आजीचं किंवा काकूचं माहेर आटपाडीकडचं असेल तर १९४८ च्या आधी तिथे औंध संस्थान. त्या बाजूचे कागद वेगळ्या दप्तरात असतील.

आणखी एक माणूस आहे, हेळवी. सुगी झाली की नंदी घेऊन येतो, दारात उभा राहून तुमच्या घराण्याची नावं घडाघडा म्हणतो आणि धान्य घेऊन जातो. पूर्वी त्यांच्याकडे ताम्रपट असत, आता वह्या आहेत. यंदा आला तर त्याला पसाभर जास्त द्या, चहा पाजा आणि विचारा की सुनांची नावं लिहिलीत का. एखाद्याकडे असतात. तो जे म्हणेल ते रेकॉर्ड करा, पण वहीत "हेळव्यानं सांगितलं" असंच लिहा. त्याच्या माळेच्या वरच्या टोकाला प्रत्येक घराणं कुणा ना कुणा राजाला जाऊन मिळतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

सहा लेकरांना सहा पानं देऊ नका, भरणार नाहीत आणि कोरी राहिली की तुम्हीच खचाल. आजीच्या पानावर त्यांना जागा द्या, ओळीनं, थोरल्यापासून. घरात दगडू, धोंडू, केरू, भिकू असं कुणाचं नाव आहे का बघा. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं टाकाऊ नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. आत्याचं नाव केराबाई असेल तर तिच्या आधी बहुतेक पाळणा रिकामा झाला होता. कुणी नकुशा असेल तर ती कितवी मुलगी होती हे विचारा. सहांची नावं नाही मिळाली तर "मुलगी, बारशाआधी गेली, पावसाळ्यात" एवढंसुद्धा आजीच्या पानावर पुरेसं आहे. आजीच्या अकरा बाळंतपणांतली दोन तरी सुगीच्या ऐन दिवसांत झाली असतील. तेव्हा रानात कोण गेलं, भाकरी कुणी थापल्या, हे विचाराल तर एखाद्या लेकराची आठवण त्यातूनच येईल.

मधल्या काकांचं सोपं आहे. मृत्यू जिथे होतो तिथे नोंदतात, गावाकडे नाही. त्यांची नोंद कोइम्बतूरच्या महापालिकेकडे असेल आणि दादा तिकडेच धंद्यात असेल तर त्याला शोधता येईल. पण तारखेपेक्षा मला त्यांच्या पानावर दुसरं वाचायला आवडेल. तुमच्या तालुक्यातली मिसरूड न फुटलेली पोरं एका बॅगेवर पार केरळ-पंजाबपर्यंत गेली, कुणाच्या तरी दुकानात भट्टी फुंकत, ॲसिडच्या धुरात सोनंचांदी गाळत शिकली, आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. काकांना पहिल्यांदा कोण घेऊन गेलं? तमिळ किती दिवसांत यायला लागलं? घरी पैसे कसे पाठवत, आणि खरसुंडीच्या यात्रेला न चुकता येत होते का? तिथे त्यांच्यासोबत राहिलेली गलाईवाली माणसं आज साठी-सत्तरीत असतील, यात्रेला गावी येतात. त्यांना गाठा. घरच्यांना माहीत नसलेला माणूस ती तुम्हाला सांगतील.

नानांसाठी तुमच्या वडिलांची वही किंवा आजोबांचं जमाखर्चाचं बाड शोधा. साल ठरवताना उचल दिलेली असते, त्यावर नाव असतं, कधी अंगठा असतो. मतदार यादी हाही एक उपाय आहे. पण आधी गावातल्या त्यांच्या वस्तीवर जा, कुणी पुतण्या-भाचा असेल. तुमच्या घरासाठी तो नाना होता, त्यांच्यासाठी दुसरं काही असेल. त्यांना तुमच्या वहीत यायचं आहे का, हेही विचारा. ते सभ्यपणाचं आहे.

आता काकू.

तुमच्या पत्रात काकूबद्दल विहिरीशिवाय एक शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मी तुम्हाला फोन करून विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की घरात वाचता येणारी बाई ती एकटीच होती, सातवी झालेली. गलाईवाल्यांची पत्रं यायची ती सगळ्या आळीतल्या बायका तिच्याकडे आणायच्या. ती सोप्यात बसून वाचून दाखवायची, आणि नवऱ्यानं काही कडू लिहिलेलं असलं तर ते गाळून, स्वतःच्या मनानं दोन गोड ओळी घालून वाचायची. हे तुम्ही सात-आठ वर्षांच्या असताना पाहिलंय. काकूचं पान इथून सुरू होतं. तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, सातवीपर्यंत कुणी शिकवलं, लग्न कितव्या वर्षी. उत्तराची पत्रं कुणाच्या हातची जायची? तिच्या हातचं एखादं पत्र त्या आळीत कुणाच्या ट्रंकेत तळाला असेल. आळीतल्या ज्या बायका हयात आहेत त्यांना विहिरीचं विचारू नका, पत्रांचं विचारा. जात्यावर तिनं काही म्हटलेलं कुणाच्या लक्षात आहे का, तेही. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्यांना कागदावर जागा मिळाली नाही त्यांनी आपला भाऊ, सासर, दुःख सगळं ओवीत घालून ठेवलं होतं. तुमच्या आळीचं अजून कुणी गोळा केलेलं नसेल.

मरणाबद्दल मात्र मी तुम्हाला आखून देते.

घराच्या वहीत लिहा : "१९८६ मध्ये मळ्यातल्या विहिरीत बुडून मृत्यू." बस्स. "पाय घसरून" लिहू नका, तुम्हाला ते खरं वाटत नाही. "जीव दिला" लिहू नका, ते तुम्हाला ठाऊक नाही. "अल्पशा आजारानं" तर मुळीच नको. विहीर आणि साल एवढंच सगळ्यांना मान्य आहे, तेवढंच सगळ्यांच्या वहीत जाईल.

आईचं वाक्य दुसऱ्या कागदावर लिहून ठेवा, वहीत नको. आई कधी, कुठे, कुणासमोर म्हणाली, आधी कशाचं बोलणं चाललं होतं, आणि वाक्य जसंच्या तसं. त्याचा अर्थ लावू नका. "पाय घसरला नव्हता" यातून तिनं उडी घेतली असंही निघतं, कुणी ढकललं असंही निघतं, आणि आईला त्या काळात नुसता संशय होता असंही निघतं. आई ऐकीव सांगत होती की डोळ्यांनी पाहिलेलं, ते आता कळायचा मार्ग नाही. एवढ्यावर अण्णांवर किंवा आणखी कुणावर ठपका ठेवायला तुमच्या हातात काहीही नाही. पुढे कुणी पाहिलेलं, नावानिशी सांगायला लागलं तर तो विषय वहीचा राहत नाही, वकिलाचा होतो. तेव्हा थांबा आणि सल्ला घ्या.

या कागदावर पहिला हक्क काकूच्या मुलीचा आहे. अण्णांचा नाही, दादाचा नाही, तुमचाही नाही. तिच्याआधी कुणालाही दाखवू नका. तिच्याशी बोलायचं ते फोनवर नको, यात्रेच्या गर्दीत नको, माहेरच्या घरात तर नकोच. तिच्या घरी जा किंवा तिला तुमच्याकडे बोलवा, आणि सरळ विचारा : "माझी आई जाताना तुझ्या आईबद्दल एक वाक्य बोलली होती. तुला ऐकायचंय का? आज नको असेल तर आज नको." ती नको म्हणाली तर विषय बंद, कागद तिच्या नावाच्या पाकिटात. पण मला वाटतं ती नको म्हणणार नाही. आई विहिरीत गेलेल्या पोरीला गावात कुणी ना कुणी, शाळेत किंवा पाणवठ्यावर, कधीच सांगून टाकलेलं असतं. तुम्ही घरातले सगळे जे तिच्यापासून लपवता आहात ते ती तुमच्यापासून लपवत असेल. हे बोलणं जड जाईल, तिलाही आणि तुम्हालाही. त्यानंतर दोघींपैकी कुणाची झोप उडाली, मन थाऱ्यावर नाही असं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तिच्या मनात असेल तर तिच्या आईच्या माहेरी दोघी मिळून जा. तिथे मामा असेल, मामी असेल. लेक विहिरीत गेल्यावर माहेरच्यांना काय सांगितलं गेलं आणि त्यांनी काय गिळलं, याची त्यांची स्वतःची बाजू असणार, आणि ती चाळीस वर्षांत तुमच्या घरातल्या कुणी विचारली नसणार. पण ही फेरी तिनं ठरवली तरच. तुम्ही एकट्या गेलात तर ती चौकशी होईल.

राहिले अण्णा. "गेलेल्यांना उकरू नये" हे ते नक्की कुणाबद्दल म्हणाले ते तुम्हाला कळलंय, त्यांनाही ते माहीत आहे. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना कोंडीत पकडून काही मिळणार नाही, आणि मिळालं तर ते काय कामाचं असेल मला शंका आहे. त्यांच्याकडे दुसऱ्याच पानासाठी जा. तुमचे वडील लहानपणी कसे होते हे सांगू शकणारा तो शेवटचा पुरुष आहे. ते विचारा. पोहायला कुठे शिकले, पहिली बैलजोडी कुणाकडून घेतली, टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी उन्हाळ्यात जनावरं कुठे न्यायचे. दोन-तीनदा असं बसणं झालं की मग एकदा विचारा : काकूला वाचायला कुणी शिकवलं होतं, अण्णा? या प्रश्नाला त्यांना उत्तर देता येतं. त्यांनी दिलं तर लिहून घ्या. त्यापुढे आपणहून काही बोलले तर ऐका, रेकॉर्डिंग बंद ठेवा, मध्ये प्रश्न घालू नका. उठून गेले तर जाऊ द्या, पुढच्या वेळी पुन्हा बैलांचं विचारा.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं छापून यात्रेला वाटावं का. इतक्यात नको. छापलं की लोक चुका काढतात, आणि चुका काढून झाल्या की भांडतात. वही हातानं लिहा, प्रत्येक माणसाच्या मागे एक पान कोरं सोडा, कुणी काय सांगितलं ते समासात नावानिशी टाका आणि दोन जणांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. आईचा तो कागद सोडून बाकी वहीची झेरॉक्स काढा. एक दादाला, एक आत्याला, एक काकूच्या मुलीला. अण्णांनी मागितली तर त्यांनाही, काकूच्या पानासकट.